दादाची दुपटी

आमचा पम्यादादा गॅलरीत बसून होणाऱ्या बाळासाठी दुपटी शिवतो. कानात बाळी, केसांचा अंबाडा. वहिनीच्या माहेरी हे लग्न पटलं नाही, म्हणून पहिलं बाळंतपण इथंच. दुपट्याला बाळाच्या आजीची जुनी, मऊ साडी लागते. त्यानं आईकडं, म्हणजे माझ्या काकूकडं, मागितली. काकू नाक उडवून म्हणाली, "सुई धरतोय, बायल्या." मी तिची नक्कल केली, तर जन्मात पोराचा लंगोट न धुतलेले काका-मामा पोट धरून हसले. त्यांना वाटलं, मी दादालाच हसतोय.

शेवटी दादानं वहिनीची लग्नातली सुती साडी फाडली. काकू दारातूनच म्हणाली, "टाका तिरका पडतोय."

"मग दाखव ना, आई."

ती देवपूजेला निघून गेली. तिथं नातूच मागितला असणार.