नर्सबाईंनी घातलेलं पाणी

४ एप्रिल, पवित्र शनिवार. ईस्टरसाठी फरशी पुसायला बादलीत डेटॉल ओतलं आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा इस्पितळातला वॉर्ड समोर आला.

सातव्या महिन्यात जन्मलेला माझा रोहन काचेच्या पेटीत होता. मी शुद्धीवर आले तेव्हा कपाळभर कुंकू लावलेल्या शिंदे नर्स म्हणाल्या, "बाळ निळं पडलं होतं. वाचेलसं वाटेना, म्हणून डोक्यावर पाणी घालून तुमच्या धर्माचा बाप्तिस्मा दिला मी त्याला. मिशनच्या दवाखान्यात शिकलेय."

मी हादरले. "तुम्ही? फादर येईपर्यंत थांबायचं होतं!"

"बाई, तुम्हाला वेळ होता, त्याला नव्हता."

फादर आल्यावर मी म्हटलं, पुन्हा द्या. ते म्हणाले, "जीव धोक्यात असेल तर कोणीही देऊ शकतं. झालाय तो. दुसऱ्यांदा होत नाही."

रोहन वाचला. मी नर्सबाईंशी परत बोलले नाही.

संध्याकाळी चर्चमध्ये मेणबत्ती धरून बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा दिली. 'होय, माझी श्रद्धा आहे' हे मी दर वर्षी घाईत उरकते. या वेळी एकेक शब्द सावकाश म्हटला. शिंदे नर्सनी ते पाणी माझ्या श्रद्धेखातर घातलं होतं आणि मला धक्का बसला होता तो त्यांच्या कुंकवाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात पत्ता विचारून रोहनला घेऊन वारज्याला त्यांच्या घरी गेले. दार उघडल्यावर म्हटलं, "हा रोहन. आभार मानायचे राहिले होते."