जावेचं ऐकून घेण्याचं प्रात्यक्षिक

नातवंडं झाल्यावर मी बी.ए.ला नाव घातलं. मुख्य विषय मराठी, मायनर कम्युनिकेशन. विद्यापीठाचा नियम होता की मायनर घ्यायचंच, आणि मला भूगोलाचे नकाशे काढायचे नव्हते, एवढंच त्यामागचं थोर कारण. पण ती तेव्हाची मी! तास संपवून एसटीतून अशी उतरायची, जणू गावात आजवर कोणाला बोलताच येत नव्हतं आणि बाई आता शिकवायला आल्यात. आज समोर आली तर पाठीत धपाटा घालीन तिच्या.

सरांनी प्रात्यक्षिक दिलं. ज्याच्याशी पटत नाही त्याचं म्हणणं मध्ये न बोलता ऐका. नजर द्या, मान हलवा, शेवटी त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा आणि व्हिडिओ आणा. वर्गातल्या पोरी असा माणूस शोधत बसल्या. मला थोरली जाऊ होती.

आमचं वाकडं बांधावरच्या चिंचेवरून. वाटण्या झाल्या तेव्हा झाड कोणाचं हे सासरे बोललेच नाहीत. तेव्हापासून ज्याची काठी आधी लागेल त्याची त्या सालची चिंच. दोघींनी एकमेकींना इतक्या शिव्या दिल्या होत्या की सामना कायम बरोबरीत.

मी मोबाईल दगडाला टेकवला आणि म्हणाले, "आक्का, आज तुमी बोला. मी ऐकती."

"बरं न्हाई का गं तुला?" म्हणाली, आणि सुटली. "चिंच आमची हाय. मामंजींनी मला तोंडानं सांगितलं हुतं. तू चोरून झोडपती, भामटे!"

रक्त उकळत होतं. पण मी मान हलवली.

"पाणी बी मीच घातलं."

मान.

"तुझ्या माहेरात कुनी चिंच बघितली हुती का?"

तिथंही मान हलवली मी मेलीनं! वर गोड आवाजात म्हणाले, "म्हणजे चिंच तुमची आणि मी ती चोरून झोडपते."

मार्क उत्तम पडले. त्या आनंदात तो व्हिडिओ मीच भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. वर हात जोडलेलं चित्र.

चिंचा पिकल्या तशी आक्कानं भावकी बसवली आणि चुलत सासऱ्यांच्या हातात मोबाईल दिला. त्यांनी व्हिडिओ दोनदा लावला.

"मान तर हलवलीस की गं."

"मामा, ती ऐकल्याची मान हाय. कबुलीची न्हाई."

"मानंत बी जाती असत्यात व्हय? आन् वर तोंडानंच म्हनलीस, चोरून झोडपते म्हणून."

सगळे खो खो हसले. प्रात्यक्षिक, श्रवण, मायनर असं मी बरंच काही सांगितलं; जितकं सांगितलं तितके जास्त हसले. झाड आक्काला गेलं.

दुसऱ्या दिवशी बांधावर गेले तर आक्का पदर खोचून उभी, गडी झाडावर.

"आलीस? ऐकायला आली का—"

"ऐकती तुझी मढी!" मी म्हणाले. 'आक्का', 'तुमी', सगळं गेलं ओढ्यात. तिनं मामंजी म्हणेपर्यंत मी तिचं माहेर काढलं, तिनं माहेर म्हणेपर्यंत मी तिचं स्वयंपाकघर. एक वाक्य म्हणून तिला पुरं करू दिलं नाही. घसा बसेस्तोवर बोलत होते.

चिंचा मात्र तिच्याच ताडपत्रीवर पडत होत्या.