फायलीत उरलेला फोटो

एका गाढवाच्या फोटोवरून आलेला तक्रारअर्ज वर्षानुवर्षं लक्षात राहावा, असं त्यात काही नव्हतं. पण त्या प्रकरणाची आठवण आली की मला आजही जेवण जात नाही.

मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना मुंडण केलेला एक गृहस्थ आला. त्याची आई वारली होती. स्थानिक बातम्यांच्या एका वेबसाइटवर त्याने तिची श्रद्धांजली दिली होती. आता तिथे आईच्या नावावर गाढव दिसत होतं.

"उद्या तेरवी हाये, साहेब. पाहुणे मोबाईल पाहून हासून राह्यले."

संशय कोणावर, विचारलं.

"लहान्या भावावर. शोकाकुलमंधी त्याचं नाव नाही टाकलं मी."

आईला शेवटी कोणी सांभाळलं, यावरून दोघांत अबोला होता. हेतू मिळाला म्हणून मी खूश झालो. स्क्रीनचा रंगीत प्रिंट काढून अर्जाला जोडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकट्याला उचलून आणलं. त्याचंही डोकं मुंडलेलं होतं.

त्याला बरंच दरडावलं. तो एवढंच म्हणाला, "नाव नाही टाकलं तं नाही टाकलं. मायचा फोटो मी काऊन बदलीन?"

वेबसाइटवाला मेहकरहून येईपर्यंत याला सोडू नका, असं मी ठाणे अंमलदाराला बजावलं. दुपारी बाकावरून तो हळूच बोलला, "पानं वाढली असतीन आता." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वेबसाइटवाल्याच्या जबाबात सगळं उलगडलं. देऊळगाव राजाच्या बालाजी यात्रेत म्हातारी फुलं विकत असताना एका स्टुडिओवाल्याने तिचा सुंदर फोटो काढून आपल्या वेबसाइटवर ठेवला होता. वेबसाइटवाल्याने तो उतरवून घेतलाच नव्हता, फक्त त्याचा पत्ता आपल्या पानावर जोडला होता. म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीवरचं चित्र आपल्या खिडकीतून दाखवायचं. शेजाऱ्याने चित्र बदललं की खिडकीतही तेच दिसणार.

स्टुडिओवाला संध्याकाळच्या एसटीने आला आणि त्याने लगेच कबूल केलं.

"हा नेहमीच माझे फोटो असे फुकट वापरायचा. वैतागून त्यानं जोडलेल्या सगळ्या फोटोंच्या जागी गाढव टाकलं. कोणाकोणाचे होते, ते पाहिलं नाही साहेब."

"मूळ फोटो कुठे आहे?"

"त्याच नावानं गाढव चढवलं, त्यात जुना पुसला गेला. कॅमेऱ्यातलं कार्डही कधीच रिकामं केलं."

वेबसाइटवाल्याने फोटो खरोखर चोरून ठेवला असता, तर तो वाचला असता. पुढे सायबर शाखेनेही खटपट केली, पण काही निघालं नाही.

निरोप मिळताच थोरला ठाण्यात आला आणि ऐकून म्हणाला, "मोबाईलवर हायेच म्हणून फ्रेम नाही केली, साहेब. आधारवर तं माय वळखूच येत नाही."

धाकट्याला सोडलं तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याच्या आईची तेरवी त्याच्याविना उरकली होती, आणि ते माझ्यामुळे. हेतू सापडला की पोलिसाला समोरचा माणूस दिसेनासा होतो, हे मी त्या बाकाकडे पाहून शिकलो. त्याची माफी मागायला हवी होती, पण मी मागितली नाही. त्याची लाज अजून वाटते.

जाताना तो दारात थांबला. "साहेब, तुमच्या कागदात तरी मायचा फोटो हाये का?"

मी फाईल उघडली. त्यात मीच जोडलेला रंगीत प्रिंट होता, गाढवाचा. मी फाईल मिटली आणि मानेनेच नाही म्हटलं.