आतडी धुणारी शार्बान

आमच्या गावात हिवाळ्याच्या तोंडाशी घोडा कापला की पहिली हाक माझ्या मोठ्या जावेला जायची. कापायला पुरुष पन्नास मिळतील, आतडी धुवायला शार्बान आपा एकच. परातीतल्या कोमट पाण्यात ती आतडं मोज्यासारखं उलटं करायची, मीठ चोळून तीनदा धुवायची, मग त्यात बरगडीचं मांस नि चरबी भरून दोन्ही तोंडं दोऱ्याने बांधायची. ही झाली कझी. तिची कझी उकळताना कधी फुटली नाही, आणि याचा तिला एवढा ताठा की दुसरीकडे जेवायला गेली तरी आधी गाठ बघून नाक मुरडायची. मी तिच्या हाताखाली बावीस वर्षं राबले. कौतुकाचा शब्द एकदाही कानी आला नाही.

अशा बाईचीच आतडी अडायला लागली. धाकट्या मुलाच्या, अस्कतच्या बाळंतपणात तिचं पोट फाडलं होतं, त्या जुन्या व्रणाला आतून आतडं चिकटून बसलं होतं. आधी वर्षातून एकदा, मग दर दोन-तीन महिन्यांनी पोट टम्म फुगायचं, कळांनी ती गुरासारखी ओरडायची, हिरवं ओकायची, वारासुद्धा सरायचा नाही. दवाखान्यात नाकातून नळी घालायचे, सलाइन लावायचे, चार-चार दिवस पाण्याचा थेंब द्यायचे नाहीत. मग एकदाचा वारा सरला की घरी पाठवायचे. "लोकांची धुता धुता स्वतःची तुंबली," असं गावातल्या बायका म्हणायच्या. हे पहिल्यांदा कोण बोललं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मीच बोलले. तिच्या कानावर गेलं तेव्हा तिने महिनाभर मला चहा विचारला नाही.

सातव्या खेपेला सर्जन रउझाबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, की आता ऑपरेशन करून घ्या, पुढच्या वेळी आतडं सुटेलच असं नाही. शार्बानने त्यांचीच उलटतपासणी घेतली. तुकडा किती लांबीचा, दोरा कसला, गाठ एकेरी की दुहेरी. रउझाबाई हसल्या नाहीत, त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. वेळेवर केलं तर बहुतेक नुसतं सोडवून भागेल. पुन्हा चिकटणार नाही याची हमी नाही. उशीर केला आणि आतडं काळं पडलं, तर तेवढं कापून पोटावर पिशवी लावावी लागेल, शौच तिच्यातून. पिशवीचं ऐकून शार्बान ताडकन उठली.

"पोटावर घाण बांधलेल्या बाईच्या हातची कझी कोण खाईल?" एवढं बोलून ती गाडीत जाऊन बसली.

तीन आठवडे ती रव्याच्या पेजेवर राहिली नि विचार करत राहिली. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. मग एका सकाळी मला बोलावलं.

"कुल्याश, मी दवाखान्यात फोन केला. येत्या मंगळवारी. तुंबलेलं आतडं मी कधी तसंच ठेवलं नाही, माझंच का ठेवू?"

मला बरं वाटलं. खरंच वाटलं, कुणी विश्वास ठेवो न ठेवो.

पण आधी शनिवारी अस्कतची सोयरीक होती, दोनशे मैलांवर, मुलीच्या घरी. तिथे मीच अक्कल पाजळली. म्हटलं, आजाराचा सुगावा लागू देऊ नका, घराण्यात खोट आहे म्हणतील. अडचण एकच होती, आपाला पेजेखेरीज काही चालत नव्हतं. आणि आमच्यात मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज विहिणीच्या हातून खाल्लं की सोयरीक पक्की, आणि थुंकलं की मोडली. तेव्हा असं ठरलं, की आपाने घास तोंडात धरायचा, मी मध्ये उभं राहून गलका करायचा, तेवढ्यात तिने तो रुमालात काढायचा.

विहीण झमझिया धिप्पाड बाई. तिने आपाच्या तोंडात मूठभर कोंबलं नि हलेचना, तिच्या तोंडाकडेच बघत राहिली. शार्बानला धड दाढाही नव्हत्या. तिचा रुमाल वर आला. मी मध्ये जायला हवं होतं. मी तिचं मनगट धरलं आणि खाली दाबलं.

"गिळा, आपा," मी कानाशी म्हटलं. "सगळे बघतायत."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि न चावता गिळलं. खोलीभर टाळ्या पडल्या.

रविवारी दुपारी ओकाऱ्या सुरू झाल्या. पाहुणचार सोमवारपर्यंतचा होता. आपाला थंडी बाधली, असं मी विहिणीला सांगितलं, आणि उशी तोंडात धरून ती पडून राहिली. दवाखाना गाठेपर्यंत सोमवारची संध्याकाळ झाली. तारीख मात्र तिचीच राहिली, मंगळवारीच पोट उघडलं. दीड हात आतडं काळं ठिक्कर पडलं होतं. पिशवी लागली, आणि ती काढण्यासाठी पुन्हा पोट उघडायला रउझाबाई तयार नाहीत.

लग्न झालं, सून चांगली निघाली. पुढच्या हिवाळ्यात घोडे कापले गेले, पण शार्बानला कुणाची हाक गेली नाही. हाका मला यायला लागल्या. मला त्या आवडल्या हेही सांगून टाकते.

आमच्या घरी घोडा कापला त्या दिवशी झमझियासुद्धा पाहुणी आली होती. शार्बानला मी बोलावलं नव्हतं. ती आपला दोरा घेऊन आली, बाह्या सारल्या, हात साबणाने दोनदा धुतले आणि परातीशी बसली. पिशवी कपड्यांत झाकलेली होती, वास कसलाही नव्हता. तरी झमझियाने रुमाल नाकाला लावला. शार्बानने हात पुढे केला आणि मी तिचं मनगट धरलं.

"सोड, कुल्याश," ती हळूच म्हणाली. "मागे धरलंस तेव्हा मी ऐकलं होतं तुझं."

सगळ्याजणी बघत होत्या. मी सोडलं नाही.

तिनेच मग दुसऱ्या हाताने दोरा परातीच्या कडेला ठेवला, उठली आणि घरी गेली. त्याच दोऱ्याने मी कझी बांधली. एकही फुटली नाही, आणि झमझियाने गाठ बघून मला शाबासकी दिली.