बिग हॅटीची तालीम

वर्ना स्टकीच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. इंडियानातल्या त्या छोट्या गावातल्या निम्म्या बायका तिच्याकडेच केस कापायला येत, आणि खुर्चीतून उठायच्या आत पुढची वेळ ठरवून जात. वर्ना तसं ठरवल्याशिवाय कुणाला सोडतच नसे.

"अगं, पुढच्या महिन्यात मी असेन की नाही कुणास ठाऊक," म्हाताऱ्या मिसेस ग्रेबर म्हणायच्या.

"नसणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे ती वेळ दुसऱ्या कुणाला देता येईल," वर्ना केसातला फेस धूत सांगायची.

अशी बाई सुट्टीवर निघाली की काय होतं, हे तिच्या घरच्यांनी एकदा चांगलंच भोगलं होतं. सरोवराकाठच्या ग्रे हेरन पार्कात सगळे मिळून गेले होते: वर्ना, तिचा नवरा ओरिन, धाकटा भाऊ लायल आणि लायलची पाच वर्षांची टेसा. कुठला पाळणा आधी, कुठला नंतर, कुठल्या झाडाखाली बसून डबा खायचा, हे सगळं वर्नानं घरूनच ठरवून आणलं होतं. बाथरूमला कधी जायचं तेसुद्धा. दुपारपर्यंत लायलनं सहन केलं. मग त्यानं टेसाला खांद्यावर घेतलं आणि गर्दीत दिसेनासा झाला. बऱ्याच वेळानं दोघं सापडले ते कारंज्यापाशी, पाण्यात पाय सोडून, पिठीसाखरेत लडबडलेल्या तळलेल्या केकवर ताव मारत.

"वर्ने, याच्यापेक्षा मी कामावर गेलो असतो," लायल म्हणाला. "तिथं निदान जेवणाच्या सुट्टीत कुणी मागं लागत नाही."

ओरिन हसला. वर्ना हसली नाही. पार्कात पुन्हा जाऊ या असं त्यानंतर कुणी म्हटलं नाही.

त्याच दिवशी लायल टेसाला बिग हॅटीच्या दाराशी घेऊन गेला होता. बिग हॅटी म्हणजे तिथली जुनी लाकडी रोलर कोस्टर. गाव सोडून कुठं न गेलेली माणसंही तिचं नाव घेत. दाराशी एक लाकडी बगळा उभा होता; त्याच्या चोचीला डोकं लागेल त्यालाच आत प्रवेश. टेसा त्याच्या पोटाशीच अडकली.

"चोचीला लागलीस की पहिली फेरी माझ्याबरोबर," लायल तिला म्हणाला होता. "दुसऱ्या कुणाबरोबर बसलीस तर याद राख."

दोन वर्षांनी लायल धान्याच्या कोठाराच्या शिडीवरून पडला. पाठीचा कणा गेला आणि कमरेखालचं सगळं निर्जीव झालं. टेसाची आई त्याआधीच वेगळी होऊन दुसऱ्या राज्यात गेली होती. तेव्हा वर्नानं बाप-लेकीला आपल्या शेजारच्या घरात आणलं, दाराला चाकाच्या खुर्चीसाठी उतार करून घेतला. लायल गॅरेजमध्ये गवत कापायची यंत्रं दुरुस्त करू लागला. दंड बैलासारखे झाले, बोलणं पूर्वीसारखं तिरकस राहिलं, पण गावाबाहेर म्हणून तो पडेना. चर्चची सहल असो की चुलत भावाचं लग्न, त्याचं उत्तर ठरलेलं: "तिथं पायऱ्या असतील."

टेसा अकरा वर्षांची झाली त्या ऑक्टोबरात एके दिवशी वर्ना तिचे केस कापत होती.

"आत्या, आमच्या शाळेची सहल ग्रे हेरनला जाणार आहे. मी नाही जाणार."

"का गं?"

"मी आता चोचीला लागते. भिंतीवर खूण करून बघितलं."

वर्नाची कात्री थांबली. "बाबाला सांगितलंस?"

"हो. तो म्हणाला, ओरिन काकाला सहलीला बरोबर ने आणि त्याच्याबरोबर बस."

"मग?"

"मग काही नाही. मी बसणारच नाही कुणाबरोबर." टेसा आरशात बघत होती, पण स्वतःकडे नाही. "आत्या, मागून फार आखूड नको करूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बाई यायच्या आत वर्नानं पार्काला फोन लावला. पार्क हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या बेतात होतं; पुन्हा उघडणार ते उन्हाळ्यात. रोझेटा नावाची कुणी बाई फोनवर आली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि नियम सांगितला. बसणाऱ्याला ताठ बसता आलं पाहिजे, दांडी घट्ट धरता आली पाहिजे, आणि चाकाच्या खुर्चीतून आसनावर त्यानं स्वतः किंवा घरच्यांच्या मदतीनं गेलं पाहिजे. पार्कातली माणसं हात लावू शकत नाहीत. वर्नानं विचारलं, आसन किती उंच आहे? कडा किती रुंद? पाय ठेवायला किती जागा? रोझेटाला त्यातलं काही माहीत नव्हतं, पण डबे अजून रुळावर होते. तिनं एका माणसाला टेप घेऊन पाठवलं आणि दुपारी उलटा फोन केला.

ओरिन खडीचा ट्रक चालवायचा. आयुष्यातल्या बहुतेक प्रश्नांवर त्याचं म्हणणं एकच असे, की तिथं गेल्यावर बघू.

"वर्ना, अजून थंडीसुद्धा पडली नाही," तो म्हणाला. "जूनमधल्या पाळण्यात बसायची तयारी आत्तापासून? पोर व्हायच्या आधीच बारसं?"

"बसायला एक मिनिट लागतं, ओरिन. शिकायला हिवाळा लागेल."

ओरिननं डोकं खाजवलं आणि भंगारातून शाळेच्या जुन्या बसचं एक बाक आणलं. आपल्या गॅरेजमध्ये त्यानं ते बरोबर तितक्या उंचीवर बसवलं, बाजूला लाकडी कड ठोकली, समोर पकडायला नळी लावली, खाली जुन्या गाद्या पसरल्या. लायलला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. पण भिंतीपलीकडच्या ठोकाठोकीनं तो एका संध्याकाळी खुर्ची लोटत आलाच.

"हे काय आहे?"

"बिग हॅटी," ओरिन म्हणाला आणि आपल्या बुटांकडे बघायला लागला.

लायलनं बाक बघितलं, गाद्या बघितल्या, मग वर्नाकडे बघितलं. "आता माझ्या लुळ्या पायांचंही वेळापत्रक काढलंस का तू?"

"टेसा तुझ्याशिवाय बसायची नाही म्हणते."

"ती पोर आहे. विसरेल."

"तू विसरलास?"

लायलनं खुर्ची वळवली आणि निघून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्या गॅरेजचं दार आतून बंद असायचं. वर्ना स्वैपाकघराच्या खिडकीतून तिकडे बघत राहायची. तिला ते कारंजं आठवायचं, लायलचं ते बोलणं आठवायचं. आपण पुन्हा तेच करतोय की काय, माणसाला न विचारता त्याचा दिवस कापून बेतून ठेवतोय की काय, या विचारानं तिला घास गोड लागेना. शेवटी एक दिवस नूडल घातलेलं चिकनचं भांडं घेऊन ती त्याच्याकडे गेली.

"मला एवढी एकच गोष्ट दे," ती म्हणाली. "खुर्चीतून त्या बाकावर. तिथं 'बघू तिथं गेल्यावर' चालणार नाही, लायल. पण बाकीचा सगळा दिवस तुझा. कुठं जायचं, काय खायचं, मी तोंड उघडणार नाही."

लायलनं भांड्याचं झाकण उचलून वास घेतला. "बाथरूमची वेळसुद्धा काढणार नाहीस?"

"ती तुझी तू काढ."

अपघातानंतर तो असा पोट धरून हसलेला वर्नानं पाहिला नव्हता.

त्या हिवाळ्यात बाहेर बर्फ साचत गेला आणि गॅरेजमध्ये रोज संध्याकाळी तालीम चालली. खुर्ची बाकाला भिडवायची, मधे गुळगुळीत फळी टाकायची, लायलनं हातांवर अंग तोलून सरकायचं. ओरिन पाय उचलायचा. टेसा त्याच्या कमरेचा रुंद पट्टा मागून धरायची. पहिल्याच दिवशी तो धाडकन गादीवर पडला. "बिग हॅटीवरून थेट सरोवरात," तो आडवा पडल्या पडल्या म्हणाला. ओरिनची कंबर धरली, टेसाची बोटं एकदा फळीखाली सापडली, एकदा लायल चिडून आठवडाभर आलाच नाही. पण बर्फ वितळायला लागला तोवर तो बोलता बोलता सरकायला लागला, आणि ओरिनला म्हणायला लागला, "तू पाय नीट धर रे, ते माझे आहेत."

वर्नानं चाकाची खुर्ची न्हाणीत जाईल अशी हॉटेलातली खोली आधीच धरून ठेवली, कारण तशा खोल्या मोजक्याच असतात. गर्दी नसेल असा आठवड्याचा मधला दिवस घेतला. त्यापलीकडे काही नाही.

"मग दिवसभर काय करणार तुम्ही?" मिसेस ग्रेबरनी विचारलं.

"माहीत नाही."

मिसेस ग्रेबरनी फेसानं भरलेलं डोकं वळवून तिच्याकडे नीट बघून घेतलं. "बरं वाटतंय ना तुला?"

जूनमध्ये ते गेले. पार्काच्या दारातून आत शिरताच वर्नाची पावलं आपोआप बिग हॅटीकडे वळली, पण लायल उलट्या बाजूला निघाला. त्याला घोड्यांचा मेरी-गो-राउंड बघायचा होता. मग डुकरांची शर्यत. मग काडीला लावलेले मक्याच्या पिठातले सॉसेज, तेही एकदा खाऊन पोट भरलं नाही म्हणून पुन्हा. वर्ना दोन्ही हात पर्सवर आवळून चालत राहिली आणि शब्दाला जागली. दुपारनंतर लायल म्हणाला, "चला, आता हॅटी," आणि नेमकं तेव्हाच सरोवरावरून काळं आभाळ चढून आलं. वीज कडाडली. लाकडी बगळ्यापुढे साखळी लागली.

लोक गाड्यांकडे पळत सुटले. हे चौघं पॉपकॉर्नच्या टपरीच्या छपराखाली अंग चोरून उभे राहिले. पाऊस तिरका येत होता.

"झालं," लायल म्हणाला. "मला वाटलंच होतं. जाऊ या हॉटेलवर."

ओरिननं वर्नाकडे बघितलं. वर्नाच्या ओठांवर हजार गोष्टी आल्या होत्या.

"दिवस तुझा आहे," ती एवढंच म्हणाली.

लायल तिच्याकडे बघत राहिला. ती भांडेल, हट्ट करेल, मग आपण नाही म्हणू, असं बहुधा त्यानं धरलं होतं. आता नाही म्हणायला समोर कुणी उरलंच नव्हतं. त्यानं लेकीकडे पाहिलं. तिचे ओले केस कपाळाला चिकटले होते.

"थांबू मग," तो म्हणाला. "ओरिन, पत्ते आणलेस का?"

ओरिनच्या खिशात पत्ते नेहमीच असत. दोन डाव झाले, तिसरा लायल लबाडीनं जिंकत होता, तेवढ्यात ऊन पडलं. बगळ्यापुढची साखळी निघाली तेव्हा पार्क निम्मं रिकामं झालं होतं. टेसा बगळ्याजवळ ताठ उभी राहिली. तिचं डोकं चोचीला लागलं, वर बोटभर उरलं.

खुर्चीचा उतार मागच्या बाजूनं, उतरणाऱ्यांच्या फलाटावर निघाला. तिथं पोचल्यावर वर्ना जागीच थांबली. गॅरेजमध्ये लायल सगळा हिवाळा डावीकडून उजवीकडे सरकला होता. इथं डबा उलट्या बाजूला होता. तिनं उंची विचारली होती, रुंदी विचारली होती. कुठल्या बाजूनं चढायचं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"घाई करू नका, सर," डबे सोडायच्या दांडीपाशी उभी असलेली मुलगी म्हणाली. पलीकडच्या फलाटावर रांग उभी होती आणि सगळे इकडेच बघत होते. वर्नाला काही सुचेना.

लायलनं डबा नीट पाहून घेतला. "टेसा, तू आधी आत बस आणि तिकडून पट्टा धर. ओरिन, फळी उलटी टाक. वर्ने, खुर्ची हलू देऊ नकोस, बाकी काही करायचं नाही."

त्यानं डावा हात आसनावर रोवला. दंडाच्या शिरा तटतटल्या. टेसानं पट्टा ओढला, ओरिननं पाय उचलले, आणि तो सरकत, घासत, एकदा कडेवर अडकून, पुन्हा जोर लावून आसनात बसला. पलीकडच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. लायलनं तिकडे न बघता दांडी मांडीवर ओढून घेतली. "चला," तो म्हणाला.

डबे वळणाआड गेले. रिकाम्या खुर्चीच्या मुठी धरून वर्ना साखळीची खडखड ऐकत राहिली. ती वर, आणखी वर गेली आणि थांबली. मग सगळा लाकडी सांगाडा गडगडला आणि त्या गडगडाटातून एक आवाज आला. लहानपणी गवताच्या गंजीवरून उडी मारताना लायल असा ओरडायचा. ओरिननं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा आपण रडतोय हे तिच्या लक्षात आलं.

डबे परत आले तेव्हा लायलचे केस उभे राहिले होते आणि तोंडभर रुळावरच्या पावसाचे शिंतोडे होते.

"आत्या, सगळ्यात मोठ्यांदा बाबा ओरडला," टेसा म्हणाली.

"खोटं बोलते ती."

दांडीपाशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "उतरायला इतकी खटपट पडते, सर. हवं तर बसूनच आणखी एक फेरी घ्या."

"घेतो ना," लायल म्हणाला. "वर्ने, मागच्या डब्यात बस."

"मी? माझी पर्स..."

ओरिननं तिच्या हातातून पर्स काढून घेतली आणि आपल्या खांद्याला अडकवली. वर्ना आजवर सगळ्यांचे कोट आणि पिशव्या सांभाळत खालीच उभी राहिली होती. बिग हॅटीवर ती कधी चढलीच नव्हती. ती बसली. डबे टोकावर पोचले. खाली ओलं पार्क, पलीकडे आभाळाला टेकलेलं सरोवर, पुढच्या डब्यात बाप-लेकीचे वर उंचावलेले चार हात. मग खालचा रूळ नाहीसाच झाला आणि वर्ना स्टकी इतक्या मोठ्यांदा ओरडली की पुढं महिनाभर लायल पार्लरमध्ये येऊन बायकांना तिची नक्कल करून दाखवत होता.

ऑगस्टमध्ये सामना बघायला जायचं म्हणून त्यानं बेसबॉलच्या मैदानाच्या कचेरीला स्वतःच फोन केला. वर्नाला तो शेजारच्या घरातून ऐकू येत होता. उतार कुठल्या बाजूला आहे, हेच तो पहिलं विचारत होता.