अविनाशचं अधिवेशन

मधुराचा फोन आला तेव्हा मी शॉमबर्गला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, कॉफीचा कप गाडीच्या टपावर ठेवून बॅग शोधत होतो. "सतीश, अविनाश गेला," ती म्हणाली. आणि मी, सवयीने, अर्धवट ऐकून म्हणालो, "मीटिंग संपली की करतो फोन." ती तेच वाक्य पुन्हा म्हणाली. सकाळी फॅक्टरीत पोचल्या पोचल्या त्याच्या छातीत दुखायला लागलं होतं, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी तसाच निघालो. तीन तास, दोन्ही बाजूंना नुसती उघडी काळी शेतं, आणि डोक्यात एकच वाक्य... मीटिंग संपली की करतो. टपावरचा कप कुठे पडला कोण जाणे.

अविनाश झाडे आणि मी नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं एका खोलीत राहिलो. दोघंही नोकरीच्या व्हिसावर इकडे आलो. मी सॉफ्टवेअरमध्ये शिरून शॉमबर्गला स्थिरावलो, आणि त्याने पश्चिमेकडच्या एका एवढ्याशा गावात ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या फॅक्टरीत नोकरी धरली. एक सिग्नल, दोन चर्चं, धान्याची एक उंच कोठी आणि चहूकडे मका. भारतीय म्हणून गावात हे एकच घर, तो आणि त्याची बायको मधुरा. आम्ही शहरातले लोक त्याची कीव करायचो. "इकडे ये, मंडळ आहे, गणपती असतो, भाकरवडी मिळते," असं मी दर फोनला ऐकवायचो. त्यावर तो म्हणायचा, "अबे, मले इथं सारे ओळखतात. तुले तुझ्या बिल्डिंगमधे कोण ओळखते?" मी लगेच पगाराचा विषय काढायचो.

सारे ओळखायचे ते त्या क्लबमुळे. शेजारचा डेल, पूर्वी हार्डवेअरचं दुकान चालवणारा म्हातारा, त्याला एका शुक्रवारी हाताला धरून तिथे घेऊन गेला. एकमेकांना 'ब्रदर' म्हणायचं, समारंभाला गोंडा लावलेली मखमली टोपी घालायची, शुक्रवारी मासे तळून विकायचे आणि त्यातून गावातल्या मुलांना चष्मे करून द्यायचे, असा तो जुनापुराणा क्लब. अविनाश स्वतः शुद्ध शाकाहारी, पण कढईपाशी उभा राहायचा. दर जूनमध्ये आसपासच्या शाखांचं दोन दिवसांचं अधिवेशन याच गावात भरायचं. त्याने टोपीतला फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला की पहिली टवाळी माझी. "बँडवाल्यांत भरती झाला का बे?" तो हसायचा आणि खाली लिहायचा, "या वर्षी ये न सत्या." सात वर्षं त्याने बोलावलं, सात वर्षं मी टाळलं. कधी काम, कधी पाहुणे, कधी पाठ. खरं कारण असं की गोऱ्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात टोपी घालून उभा असलेला आपला मित्र बघायची मला लाज वाटायची. हे लिहिताना आज मेल्याहून मेल्यासारखं होतंय, पण ते खरं आहे.

गेल्या वर्षी तो शाखेचा अध्यक्ष होणार होता. "आता नाही आला तं पाहाच," असा दम त्याने भरला, मीही नक्की येतो म्हणून शब्द दिला, त्याने पाहुण्यांच्या यादीत माझं नावही घातलं. शनिवारी सकाळी मी मेसेज केला, "प्रॉडक्शनमध्ये प्रॉब्लेम आलाय यार, कॅन्सल करावं लागतंय." कसलाही प्रॉब्लेम नव्हता. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या कुलकर्ण्यांकडे बार्बेक्यू होतं, हवा छान होती आणि मला ड्राइव्हचा कंटाळा आला होता. बस, एवढंच. त्याचं उत्तर लगेच आलं, "बरं, काम कर. पुढच्या वर्षी येजो." त्यानंतर फोनवर त्याने दोन-तीनदा विचारलं, "निपटलं का तुझं काम?" मी हो म्हणायचो. कधीतरी भेटलो की खरं सांगून टाकू, तो दोन शिव्या देईल, संपेल विषय, असं मी मनाशी ठरवलं होतं. मग एप्रिल आला, आणि सांगायला तोच उरला नाही.

यंदा मे महिन्यात मधुराने विचारलं, "अधिवेशनात रविवारी त्याचं नाव वाचणार आहेत. मला एकटीला नाही जमणार. येशील?" मी गेलो... आठव्या बोलावण्याला.

गावभर झेंडे लावले होते. टोप्या घातलेले सत्तरीचे लोक खेळण्यातल्यासारख्या छोट्या मोटारींत बसून रस्त्यावर गिरक्या घेत होते आणि दुतर्फा खुर्च्या टाकून बसलेलं सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. मला हसू येईल असं वाटलं होतं, ते काही आलं नाही. रविवारी सकाळी हॉलमध्ये नाश्त्याला पॅनकेकच्या शेजारी पोह्यांचा मोठा ट्रे होता, वर पाटी, 'अवीज राइस'. डेलच्या बायकोने, लिंडाने, केले होते. हळद दुप्पट, कांदा कच्चा. मधुराने एक घास घेतला आणि डिश ठेवून बाहेर निघून गेली. मी सगळी डिश संपवली. येणारा-जाणारा जो तो माझा हात हातात घेऊन म्हणत होता, "म्हणजे तूच सत्या!" मी घोरतो, मला वांगं आवडत नाही, मी कॉलेजात एकदा झाडावरून पडलो, सगळं त्यांना ठाऊक होतं. मला त्यांच्यातल्या एकट्या डेलचं नाव माहीत होतं.

नाश्त्यानंतर हजेरी. त्यांची पद्धत अशी, की यादीतल्या प्रत्येकाचं नाव सेक्रेटरी मोठ्याने वाचतो, पाहुण्यांचंसुद्धा, आणि ज्याने त्याने ओ द्यायची. शेवटी त्या वर्षात गेलेल्यांची नावं. तीनदा पुकारायचं, कोणी उत्तर द्यायचं नाही, मग एक घंटा, आणि सेक्रेटरी त्या नावावर रेघ मारतो. मधुराने मला हे सगळं आधी समजावलं होतं. सेक्रेटरी म्हणजे डेल. तो उभा राहिला आणि म्हणाला, "अविनाश झाडे." एकही अक्षर न चुकता. इतक्या वर्षांत माझ्या मॅनेजरला माझं नाव नीट म्हणता आलेलं नाही.

"प्रेझेंट!"

माझ्याच तोंडून निघालं. चार वर्षं सकाळच्या पहिल्या तासाला तो पांघरूण ओढून झोपायचा आणि मी आवाज बदलून त्याची प्रॉक्सी द्यायचो. झाडे म्हटलं की माझं तोंड आपोआप उघडायचं, तसंच उघडलं. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. डेलने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि दुसऱ्यांदा पुकारलं. मधुराने माझं मनगट घट्ट धरलं. तिसऱ्यांदा पुकारलं. अख्ख्या कॉलेजात एकदाही जे केलं नाही ते मी केलं, अविनाशचं नाव आलं आणि मी गप्प बसलो. घंटा वाजली. मी तोंडावर हात दाबून रडत होतो.

नंतर सगळे पांगले तसा डेल रजिस्टर घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. "तुम्हा दोघांची ही काही रीत आहे का?" त्याने विचारलं. मला कळेना. "गेल्या वर्षी रविवारी तुझं नाव वाचलं, तेव्हा मागून अवी असाच ओरडला होता. मी म्हटलं, अरे, तो तर आलेला नाही. तर म्हणाला, लिही तू, तो येतोय."

घरी जाताना गाडीत मी मधुराला सगळं सांगून टाकलं. प्रॉब्लेम नव्हता, बार्बेक्यू होतं, मी खोटं बोललो. ती समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "माहीत होतं त्याला. कुलकर्णींच्या बायकोने शनिवारीच संध्याकाळी फोटो टाकले होते. तू एप्रन घालून कणसं भाजत होतास."

"काय म्हणाला?"

"फोटो मोठा करून बघितला. म्हणाला, सत्या लठ्ठ झाला." तिने खिडकीची काच खाली केली. "मग ताटावरून उठला. जेवला नाही."

शनिवारी संध्याकाळी त्याने फोटो पाहिला, आणि रविवारी सकाळी माझी हजेरी दिली. त्यानंतर दहा महिने तो मला विचारत राहिला, निपटलं का काम... मी खरं बोलावं म्हणून त्याने दार उघडं ठेवलं होतं, आणि मी दरवेळी हो म्हणत राहिलो.

क्लबच्या हॉलमध्ये कोपऱ्यात एक लोखंडी कपाट आहे, रजिस्टरं त्यात असतात. निघण्यापूर्वी डेलने मला गेल्या वर्षीचं पान काढून दाखवलं होतं. त्या पानावर अविनाश हजर आहे, आणि त्याच्या खाली मीही.