जमादाराची मूठ

चौकीत उमर काढलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. बांधावरच्या तणासारखे ते आपोआप माजतात. पारावर जाऊन बसलं की कुणीतरी म्हणतंच, "आण्णा, त्या उस्तादाचं सांगा की." मी सांगतो, लोक पोट धरून हसतात, आणि घरी आल्यावर मला भाकर गोड लागत नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगतो.

निजामाच्या अमदानीत मी धारूरच्या चौकीत शिपाई होतो. माझ्यावर किसन जमादार, घाटनांदूरकडच्या शेतकरी घरातला, अंगापिंडानं दणकट, मनानं लोणी. त्याच्यावर अमीनसाहेब, म्हणजे चौकीचे फौजदार, थेट हैदराबादहून आलेले. अख्ख्या चौकीत रिव्हॉल्वर एकच. ते जमादाराच्या कमरेला असायचं, कारण कापसाच्या गाड्या तेलगावकडं घाट उतरायच्या तेव्हा राखणीला त्यालाच जावं लागे. घाटात दरोडेखोर होते.

*

एकदा त्यांनी भर दुपारी गाड्या अडवल्या. जमादारानं रिव्हॉल्वर काढलं, डोळे गच्च मिटले आणि घोडा ओढला. गोळी त्याच्याच पायापुढच्या मातीत घुसली. धुरळा उडाला, बैल बुजले. दरोडेखोरांचा म्होरक्या हसून म्हणाला, "जमादार, हीर खांदाया आलाव काय?"

मग त्यांनी गाडीवानांची मुंडाशी, धोतरं, भाकरीची फडकीसुद्धा नेली. जमादाराला मात्र हात लावला नाही. "ह्याला ऱ्हाऊ द्या बे, ह्याचा काय तरास न्हाई," असं म्हणून गेले. ते वाक्य जमादाराच्या काळजात रुतून बसलं. "फुडच्या टायमाला मला सोडणार न्हाईत," तो मला म्हणाला. "मला नेम शिकलाच पायजे."

*

ही बेअब्रू वरपर्यंत गेली आणि वरून ऑर्डर आली. पाठोपाठ फौजेतून निवृत्त झालेला एक उस्ताद आला. पांढरी दाढी, ताठ पाठ, बोलणं मोजकं. त्यानं जमादाराच्या हातात रिव्हॉल्वर दिलं आणि त्याच्याभोवती एक फेरी मारली.

जमादारानं जन्मभर नांगराचं रुमणं धरलेलं. रिव्हॉल्वरही तसंच धरलं, अंगठा वर आणि सगळा जोर खाली.

"जमादार, जमीन नांगरायची हाय का?"

"न्हाई उस्ताद."

"मग गोळी जमिनीत कावून जाती? अंगठा बगलेला घे. मूठ वर सरकव. उजवा पाय फुडं, डावा मागं, डावा हात कमरेवर. आन् घोडा ओढू नको. लिंबू पिळल्यावानी दाब."

त्या दिवसापासून चौकीत एकच शब्द ऐकू येई, "अंगठा." जमादार जेवताना भाकरी मोडायचा तरी पलीकडून उस्ताद म्हणायचा, "अंगठा, जमादार."

*

आता नेम शिकायचा म्हणजे काडतूस लागतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. काडतुसं अमीनसाहेबांच्या पेटीत होती आणि पेटीची किल्ली त्यांच्या शेरवानीच्या खिशात.

"कारतूस सरकारी माल है," अमीनसाहेब म्हणाले. "शिकण्यात वाया घालवायचा न्हाई."

उस्तादानं वाद घातला नाही. तो रिकाम्या रिव्हॉल्वरच्या नळीवर एक चिंचोका ठेवायचा. घोडा दाबला आणि चिंचोका पडला, की पुन्हा पहिल्यापासून. चिंचोका पडायचा, जमादार वाकून उचलायचा. सीताफळाची झाडं फळांवर आली आणि रिकामी झाली, तेव्हा कुठं तो चिंचोका नळीवर टिकला. जमादारानं घरी सांगून गूळ आणवला आणि आम्हा सगळ्यांना वाटला. गोळी एकही उडाली नव्हती, तोंड मात्र गोड झालं.

त्याच हंगामात अमीनसाहेबांच्या मेहुण्याची शादी निघाली. वरातीत मेहुणा घोड्यावर बसला आणि आमच्याच चौकीचं रिव्हॉल्वर घेऊन आभाळात बार काढत सुटला. पेटीतली काडतुसं भराभर संपत होती. सगळं धारूर वाहवा करत होतं. उस्ताद माझ्याशेजारी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "ह्याचा बी अंगठा वरच हाय."

*

मग जिल्ह्याचे मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले. किल्ल्याच्या तटाखाली एक फुटका रांजण मांडला. वरातीतून वाचलेली काडतुसं साहेबांच्या धाकानं बाहेर निघाली. साहेबांची खुर्ची कुठं ठेवायची? सावली एकाच लिंबाची, आणि तो लिंब नेम धरणाऱ्याच्या उजव्या अंगाला. खुर्ची तिथं गेली.

जमादार पुढं झाला. उजवा पाय पुढं टाकला, अंग तिरकं केलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपली पाठ साहेबांकडं झाली! वरिष्ठाला पाठ दाखवणं म्हणजे आमच्याकडं केवढी बेअदबी. मुजरा करून मागं फिरतानासुद्धा आम्ही उलट्या पावलानं फिरायचो. बिचाऱ्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, गर्रकन वळला, छाती साहेबांकडं केली आणि रिव्हॉल्वर डाव्या हातात घेतलं.

गोळ्या कुठं गेल्या ते त्या तटालाच ठाऊक. रांजणाला ओरखडासुद्धा नाही. त्याच्यामागून जे जे गेले, त्यांनी जमादाराचं बघून डाव्या हातानंच बार काढले. मीही काढला.

उस्तादानं डोळे मिटून घेतले. मोठे साहेब मात्र खूष. "निशाणा जमेल हळूहळू," ते अमीनसाहेबांना म्हणाले. "पण अदब बघा, काय अदब शिकवलीय तुम्ही!" अमीनसाहेबांना शाबासकी मिळाली. उरलेली काडतुसं परत पेटीत गेली.

*

पुढच्या कापसाला जमादार रिकामं रिव्हॉल्वर घेऊन घाटात उतरला. मी बरोबर होतो. काडतुसं मागितली तर अमीनसाहेब म्हणाले होते, "डाकू आले तर बघू." आता ते आल्यावर घाट चढून धारूरला यायचं, किल्ली मागायची आणि परत जायचं, असा हा हिशेब.

वळणावर ते आलेच. तोच म्होरक्या, तेच हसू. जमादारानं रिव्हॉल्वर काढलं. या वेळी डोळे उघडे होते. उजवा पाय पुढं, डावा हात कमरेवर, अंगठा जागेवर, नळी म्होरक्याच्या छातीवर. हाताला कंप म्हणून नाही. म्होरक्याचं हसू मावळलं. "ह्यो शिकून आलाय रं," तो म्हणाला आणि सगळे झाडोऱ्यात पसार झाले.

जमादारानं रिव्हॉल्वर कमरेला खोचलं आणि मग रस्त्यातच बसला. "पानी दे बाबा," म्हणाला.

ही हकिकत ऐकून अमीनसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "बघ उस्ताद, पोझिशन बरोबर असली की कारतूस लागतच न्हाई!" बाजाराच्या दिवशी भर पेठेत जो भेटेल त्याला ते हेच ऐकवत होते. धारूरच्या चौकीनं रिकाम्या रिव्हॉल्वरवर दरोडा परतवला म्हणून. उस्ताद त्यांच्या मागंमागं फिरत हात जोडत होता, "सरकार, हळू बोला. सरकार, बाजार हाय, कोण बी ऐकतंय." साहेबांना ती त्याची नम्रता वाटली. आजही मला त्या अमीनाचा राग येतो. तो वाईट नव्हता हे आठवलं की आणखीच येतो.

*

पुढच्या खेपेला मी तापानं घरी पडलो होतो. जमादारानं काडतुसं मागितली. मिळाली नाहीत. तो तसाच गेला.

दुपार कलता कलता गाडीवानांनी त्याला कापसावर निजवून चौकीत आणला. ते सांगत होते, म्होरक्या या वेळी पळाला नाही, पायी पायी जवळ आला, कुऱ्हाड उगारली, आणि जमादार शेवटपर्यंत तसाच उभा राहिला, चिंचोका पडू नये तसा. मी तापातच उठून आलो होतो, घोंगडं पांघरून भिंतीला धरून उभा होतो. जमादाराच्या उजव्या हातात रिव्हॉल्वर तसंच होतं. काढू म्हटलं तर बोटं सुटेनात.

अमीनसाहेब बाहेर आले. वर काय कळवायचं ह्याची त्यांना काळजी. उस्तादाला म्हणाले, "तू शिकवलंस ना? मग सांग, शिकवण्यात कसूर कुठं राहिली?"

उस्ताद गाडीजवळ गेला. गुडघे टेकून त्यानं तो हात उन्हाकडं फिरवला, अंगठा बघितला, एकेक बोट बघितलं. मग उठून त्यानं सलाम केला.

"कसूर न्हाई, सरकार. अशी मूठ म्या फौजेत बी कुणाची बघितली न्हाई."